घरखर्चासाठी कुठलं अ‍ॅप घ्यावं? त्याआधी पैसे घरात येतात कसे ते बघा

सांगलीजवळच्या बुधगावकडच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: घरात सहा माणसं, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत, पगार ३१ हजार, होतो दर १० तारखेला. सासऱ्यांचा दीड एकर ऊस, दोन म्हशी, त्या स्वतः घरी ब्लाउज शिवतात. आत्तापर्यंत तीन बजेट अ‍ॅप डाउनलोड केली, एकही पंधरा दिवसांच्या वर टिकलं नाही. मिस्टर म्हणतात पैसे भरून काही घ्यायचं नाही, सासऱ्यांना स्मार्टफोन जमत नाही, तर नेमकं कुठलं घेऊ?

ताई, तीन अ‍ॅप बंद पडली म्हणून स्वतःला आळशी म्हणून घेऊ नका. मी सांगलीत एकवीस वर्षं अकाउंट्सचं काम करते, त्याआधी पाच वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरला होते, आणि बचत गटाच्या बायकांना दप्तर लिहायला शिकवते ते वेगळंच. एवढ्या वर्षांत हिशेब लिहायला घेतलेली आणि सोडून दिलेली घरं मी भरपूर बघितली, त्यातली खरंच आळसानं सोडलेली हाताच्या बोटावर मोजण्याएवढी. बाकीच्यांनी साधनच चुकीचं घेतलेलं असतं. ते पण का चुकतं, तर सगळे विचारतात कुठलं अ‍ॅप चांगलं, आणि कोणी विचारत नाही की आपल्या घरात पैसे येतात कसे आणि रोज लिहिणार कोण. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली ना की साधन आपोआप ठरतं, मग ते फुकट असो नाहीतर विकतचं.

आता तुमचंच घर घ्या. ही जी अ‍ॅप असतात ती बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर एक माणूस असतो, शहरातला, एक पगार, एक बँक खातं, महिना १ तारखेला सुरू. तुमच्याकडे पगार १० तारखेला. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. शिलाईचे पैसे रोज थोडे थोडे, लग्नसराईत एकदम आणि आषाढात जवळपास काहीच नाही. सासऱ्यांचे पीएम किसानचे २,००० चार महिन्यांनी. आणि उसाचं बिल, ते तर वर्षाचं पण नाही हो, आडसाली लागण असली तर ऊस रानात सोळा ते अठरा महिने उभा, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) असला तर बाराएक महिन्यांनी. म्हणजे एका घरात पाच प्रकारचा पैसा पाच चालींनी येतोय आणि अ‍ॅप तुम्हाला पहिल्याच स्क्रीनवर विचारतं, तुमचं मासिक उत्पन्न किती? तुम्ही ३१,००० टाकलं असणार. तिथंच गाडी घसरली. कारण मग सासऱ्यांनी दुधाच्या पैशातून आणलेला किराणा त्या ३१ हजारांत बसत नाही, महिनाअखेर अ‍ॅप लाल रंग दाखवायला लागतं आणि तुम्हाला वाटतं आपण उधळे आहोत. उधळे वगैरे काही नाही, जमेची बाजूच अर्धी लिहिलेली.

अजून एक घोळ असतो जो अ‍ॅपला कधीच दिसणार नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या भागातल्या निम्म्या घरांना पण दिसत नाही. दूध बिल. समजा एक म्हैस दुभती आहे, रोज सहा लिटर डेअरीला जातंय, फॅट लागून ५५ चा दर बसतोय. दहा दिवसांचे साठ लिटर, ३,३०० रुपये. पण हातात किती येतात? पेंडीचं एक पोतं मधेच आणलेलं असतं त्याचे १,४०० बिलातून कापून १,९०० येतात. घरात सगळे म्हणतात म्हशीचे १,९०० आले. नाही ना, ३,३०० आले आणि १,४०० म्हशीनं खाल्ले. शिवाय रोजचं लिटरभर दूध घरात राहतं ते धरलंच नाही, ते विकत घ्यायला गेलात तर दहा दिवसाला ६०० च्या आसपास जातील. आणि वैरण ऊसाच्या वाड्याची म्हणून फुकट धरायची, कडबा आणला तो मात्र घरखर्चात. असा सगळा काला झाल्यावर म्हैस परवडते का हे पण कळत नाही आणि घर कितीत चालतंय हे पण कळत नाही. म्हणून पहिलं काम अ‍ॅप शोधणं नाही. पहिलं काम म्हशीचा हिशेब घराच्या हिशेबातून बाहेर काढणं. म्हशीला तिचं वेगळं पान. पेंड, डॉक्टर, वैरण तिच्या नावे, दूध बिल पूर्ण आकड्यानं तिच्या जमेला, आणि जे उरेल ते तिनं घराला दिलं असं समजायचं. दुकानदाराचा गल्ला आणि घर वेगळं ठेवायचं म्हणतात तेच हे, फक्त इथं गल्ला गोठ्यात आहे.

उसाचं पण तसंच, फक्त आकडा मोठा म्हणून मोह पण मोठा. इथं जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडं घराचं गणित चुकतं ते या एका बिलावर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर) टनाला ३,५५० ठरवली, ती १०.२५ टक्के उताऱ्याला (म्हणजे शंभर किलो उसातनं तेवढे किलो साखर निघाली तर), उतारा वाढला की वाढते, आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होते. नियम म्हणाल तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, पण पहिली उचल (पहिला हप्ता) कधी आणि पुढचा हप्ता कधी यावर आपल्याकडं आंदोलनं होतात हे तुम्हाला मी काय सांगायचं. तर तुमचा दीड एकर, एकरी चाळीस टन धरू, साठ टन. सगळं वजा जाता टनाला ३,२०० हातात धरू. १,९२,००० झाले. त्यातनं सोसायटीच्या पीक कर्जाची वसुली ८० हजार आधीच वळती. राहिले १,१२,०००. पुढच्या लागणीला, खताला, मशागतीला ४० हजार बाजूला ठेवलेच पाहिजेत, ते घराचे नाहीतच, रानाचे आहेत. राहिले ७२ हजार. हे ७२ हजार खात्यात दिसले की घरात काय होतं? फ्रीज जुना झालेला आठवतो, कोणाला तरी गाडी पाहिजे असते, पावण्यांतलं लग्न येतं, आणि जूनला शाळेची फी भरताना पतसंस्थेत सोनं ठेवायला लागतं. मी काउंटरला होते तेव्हा जूनमध्ये गहाण ठेवायला येणारी काही माणसं फेब्रुवारीत ठेव ठेवायला आलेली असायची. तीच माणसं बरं का.

आता दुसऱ्या बाजूला तुमचे वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च लिहून काढा. दोन पोरांची फी, वह्या, गणवेश मिळून २४ हजार धरा, विम्याचे हप्ते १८, दिवाळी १५, गावची जत्रा म्हणजे पै-पावणे आणि मटण ६, गाडीचा इन्शुरन्स-सर्व्हिसिंग ६, घरपट्टी-पाणीपट्टी ३. बेरीज ७२ हजार. आकडे मी सोयीचे घेतलेत हे तुम्ही ओळखलंच असेल, तुमच्यात ते इतके देखणे जुळणार नाहीत, पण जवळपास नक्की जुळतील, करून बघा. म्हणजे उसाचं घराच्या वाट्याचं बिल हे तुमच्या वर्षाच्या मोठ्या खर्चाचं बिल आहे, महिन्याला सहा हजारांप्रमाणे. ते वेगळ्या खात्यात टाकायचं आणि त्यातनं फक्त या सहा कारणांसाठीच काढायचं. आणि ते खातं शक्यतो बँकेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. मी पतसंस्थेत नोकरी केलीय, तिथली माणसं चांगली असतात, कर्ज थकलेल्याच्या घरी चहा पिऊन येतात, पण विमा नाही तो नाहीच.

एवढं झालं की तुमच्या घराचा महिन्याचा खेळ उरतो तो फक्त पगार, म्हशीचं उरलेलं आणि शिलाई. हा भाग कुठल्याही साधनात बसतो. मग आता साधनाकडं येऊ.

अ‍ॅपचं आधी सांगते कारण तुम्ही तेच विचारलंय. बजेट अ‍ॅपचे ढोबळ दोन प्रकार. एक स्वतःहून माहिती ओढणारे, दुसरे आपण हातानं भरायचे.

ओढणाऱ्यांमधले बहुतेक आपल्याकडं बँकेचे एसएमएस वाचून खर्च नोंदवतात. ऐकायला भारी वाटतं. पण आयफोनवर अ‍ॅपला एसएमएस वाचताच येत नाहीत. अँड्रॉइडवर येतात, पण एसएमएसच यायचे कमी झालेत, एका मोठ्या खाजगी बँकेनं २५ जून २०२४ पासून १०० रुपयांच्या आतल्या यूपीआय खर्चाचे एसएमएस बंद केले. आपला खर्च तर तिथंच असतो, चहा, वडापाव, कोथिंबीर, पोराचं झेरॉक्स. त्यातनं यूपीआय लाइट (आधी थोडे पैसे भरून ठेवायचे आणि त्यातनं छोटे खर्च करायचे) वापरत असाल तर ते छोटे खर्च पासबुकात पण एकेक दिसत नाहीत, फक्त लाइटमध्ये पैसे भरले तेवढी एकच ओळ येते. आणि मिस्टरांनी तुमच्या फोनवर ५०० पाठवले तर अ‍ॅप तो खर्च धरतं, घरातल्या घरात पैसे फिरले हे त्याला कुठनं कळणार. रोखीचं तर बोलायलाच नको, आठवडे बाजारातली भाजी कुठल्या एसएमएसमध्ये येते?

अकाउंट अ‍ॅग्रिगेटर म्हणून एक व्यवस्था आहे, रिझर्व्ह बँकेनं २०१६ ला नियम केले, सप्टेंबर २०२१ पासून बँका त्यावर यायला लागल्या, त्यात तुमच्या संमतीनं बँकेची माहिती थेट अ‍ॅपला जाते आणि संमती परत काढून पण घेता येते. एसएमएस वाचू देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत, त्यामुळं तुमची पिग्मी, पतसंस्थेतलं सेव्हिंग, तिथलं कर्ज हे त्यात दिसणार नाही. आणि सांगली जिल्ह्यात पिग्मी नसलेलं घर दाखवा मला. (पिग्मी ही मूळची आपली नव्हे बरं का, १९२८ ला उडुपीत सुरू झाली, जी पुढं सिंडिकेट बँक झाली तिची योजना, रोजचे दोन आणे गोळा करायचे. शंभर वर्षं होत आली आणि अजून एजंट सायकलवरनं मोटरसायकलवर आला एवढाच काय तो बदल.)

फुकट अ‍ॅपचं अजून एक. फुकट आहे तर ते चालतं कशावर हे बघा. अमेरिकेत मिंट नावाचं बजेट अ‍ॅप होतं, २००७ पासूनचं, सगळ्यात गाजलेलं, फुकट, आणि मार्च २०२४ ला मालक कंपनीनं बंद करून टाकलं. आपल्याकडं एसएमएस वाचून खर्च दाखवणारं वॉलनट खूप चाललं होतं, ते २०१८ ला कर्ज देणाऱ्या कंपनीनं घेतलं, आता अ‍ॅक्सिओ नावानं आहे. यात काही बेकायदेशीर नाही, धंदा आहे. पण ज्याला तुमच्या खात्यात महिनाअखेरीला किती उरतात हे माहीत आहे, त्यालाच तुम्हाला कर्ज द्यायचंय, हे डोक्यात असू द्या. बजेट अ‍ॅपनं कॉन्टॅक्ट नाहीतर फोटोची परवानगी मागितली तर तिथंच काढून टाका, खर्च लिहायला तुमच्या मावशीचा नंबर कशाला लागतो?

विकतचं म्हणाल तर वायनॅबचं नाव घेतात लोक, वर्षाला १०९ डॉलर, म्हणजे नऊ हजारांच्या वर गेलं. त्यांची पद्धत खरंच चांगली आहे, आलेल्या प्रत्येक रुपयाला आल्या आल्या काम नेमून द्यायचं, जे आलंच नाही त्याचं बजेट करायचं नाही. पण आपल्या बँका त्याला थेट जोडत नाहीत, शेवटी हातानंच भरायचं, आणि पद्धत तर वहीत पण वापरता येते. या बाबतीत मिस्टरांचं बरोबर आहे, नका घेऊ.

हातानं भरायच्या अ‍ॅपमध्ये मनी मॅनेजर बरं आहे, महिना कुठल्या तारखेला सुरू करायचा ते ठरवता येतं. गुडबजेट हे पाकीट पद्धतीचं, म्हणजे प्रत्येक खर्चाला वेगळं पाकीट आणि त्यात ठरलेली रक्कम, दोन फोनवर एकच हिशेब दिसतो, फुकट आवृत्तीत पाकिटं मोजकी मिळतात पण तुम्हाला पंधराच्या वर लागू पण नयेत. सांगलीच्या विश्रामबागेत नवरा-बायको दोघंच नोकरीला आहेत, सगळं फोनवरनं चालतं, अशा घराला मी डोळे झाकून हे सांगते आणि विषय संपतो. तासगावकडचं बेदाण्याचं घर असेल तर त्याला महिन्याचं बजेट सांगण्यातच अर्थ नाही, त्याला वर्षाचं एक पान आणि औषध-खताच्या उधारीचं एक पान लागतं. तुमचं घर या दोन्हींच्या मधलं.

तुम्हाला मी काय सांगेन, तर दोन महिने साधी वही आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. हसू नका. ग्रुपचं नाव घरखर्च, त्यात तुम्ही, मिस्टर, आणि मोठा मुलगा मुलगी जे असेल ते. खर्च केला की तिथल्या तिथं एक ओळ टाकायची, "भाजी १२० रोख", "पेट्रोल २०० फोन". बस. खातं कुठलं, वर्ग कुठला, काही निवडायचं नाही. तुमची तीन अ‍ॅप का बंद पडली माहितीये? मिस्टर पेट्रोल पंपावर लाइनीत उभे असताना अ‍ॅप उघडून, पासवर्ड टाकून, चित्रांमधनं पेट्रोलचं चित्र शोधून नोंद करणार नाहीत, कोणीच करत नाही. व्हॉट्सअ‍ॅप तर उघडलेलंच असतं. मराठीत बोलून टाईप केलं तरी चालतं, रक्कम मात्र बोटानं टाका, बोललेल्या आकड्यात गोंधळ होतो. मग रविवारी संध्याकाळी तुम्ही एकट्यानं बसून त्या ओळी वहीत उतरवायच्या, अर्धा तास लागतो, पहिल्या दोन वेळा तास लागेल. आणि ग्रुपवर "एवढे कशाला" असं कोणी कोणाला विचारायचं नाही हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. ज्या दिवशी "परत वडापाव?" असा मेसेज पडेल त्या दिवसापासनं मिस्टरांच्या नोंदी बंद. त्यांना आणि तुम्हाला दोघांनाही महिन्याला ठराविक रक्कम खिशाला ठेवा, ज्याचा हिशेब मागायचा नाही, वहीत "खिसा १,५००" एवढीच ओळ. यावरनं जितकी भांडणं मिटलेली मी बघितली तितकी कुठल्या समुपदेशकानं मिटवली नसतील.

वहीत पान असं आखा. डाव्या बाजूला जमा, उजवीकडं खर्च, आपली जुनी रोजकीर्द असते तशी. खर्चाच्या बाजूला खाती, म्हणजे खर्चाचे प्रकार, फार पाडू नका. किराणा, भाजी-फळं, गॅस-लाइट-फोन, पेट्रोल-प्रवास, दवाखाना, पोरं, देणं-घेणं म्हणजे आहेर वगैरे, कर्जाचे हप्ते, भिशी-पिग्मी, खिसा, आणि इतर. अकरा झाली, पुरे. इतरमध्ये महिन्याला पाचशेच्या वर जायला लागले तर बघा काय लपलंय त्यात. भिशी आणि पिग्मी खर्चात का, असं विचाराल, तर हातातनं गेले म्हणून तिथं लिहायचे, पण भिशी लागली की जमेला पण लिहायची आणि ती कमाई नव्हे हे लक्षात ठेवायचं, आपलेच पैसे परत आलेत. बायका भिशी लागली की साडी घेतात आणि म्हणतात भिशीच्या पैशाची घेतली, जसं काय भिशी वेगळी छापतात. मी पण घेतलीय, पैठणी, कबूल करते.

रविवारी उतरवून झालं की रोखीचा मेळ घालायचा. मागची शिल्लक अधिक जमा वजा खर्च, आणि मग पर्स, डबा, मिस्टरांचा खिसा मिळून खरंच तेवढे आहेत का. नसणारच. पहिल्या महिन्यात चार-पाचशेचा फरक येतो, तो "विसरले" म्हणून लिहून मोकळं व्हायचं, रात्रभर शोधत बसायचं नाही. पतसंस्थेत आम्ही दोन रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत थांबायचो, पण तो दुसऱ्याचा पैसा होता, घरी तो जाच नको.

दोन महिन्यांनी, म्हणजे वही भरायची सवय मुरल्यावर, गूगल शीटवर जा. फुकट आहे, दोन्ही फोनवर एकच दिसतं, आणि मोठा फायदा म्हणजे फोन गेला तरी हिशेब जात नाही. हे मी सोसून सांगते. माझा स्वतःचा दोन वर्षांचा घरचा हिशेब एका अ‍ॅपमध्ये होता, फोन दुरुस्तीला दिला, दुकानदारानं फॉरमॅट मारून दिला, बॅकअप घेतलेला नव्हता. लोकांना शिकवणारी बाई मी. आणि वही सुरक्षित म्हणावं तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागातल्या माझ्या माहेरी पुराचं पाणी शिरलं तेव्हा आईच्या तीस वर्षांच्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात होत्या, लगदा झाला नुसता. आईनं दागिन्यांची पिशवी आठवणीनं वर नेली होती. वह्यांचं तिला आठवडाभर काही वाटलं नाही आणि मग एक दिवस म्हणाली, तुझ्या बारशाला किती खर्च आला ते आता कोणाला सांगता येणार नाही. म्हणून वहीत लिहा तोवर दर रविवारी पानाचा फोटो काढून त्या ग्रुपवर टाका.

शीट फार नटवू नका. एका टॅबमध्ये तारीख, कोण, कशाला, कुठलं खातं, रक्कम, रोख का फोन, एवढे सहा रकाने. दुसऱ्या टॅबमध्ये खात्यांची नावं आणि समोर सम-इफ सूत्र, ते त्या त्या खात्याची बेरीज आपोआप आणतं. पोरगं आठवीच्या पुढं असेल तर त्याला सांगा, वीस मिनिटांत करून देईल आणि त्यालाही कळेल घर कितीत चालतं. अजून सोपं हवं तर गूगल फॉर्म करून त्याचं चिन्ह फोनच्या स्क्रीनवर ठेवा, भरलं की थेट शीटमध्ये जातं, तारीख पण स्वतःच टाकतं.

आणि एक करा, याला मी आयर्विन पुलाची पद्धत म्हणते. सांगलीतल्या या पुलाला कृष्णेच्या पाण्याच्या दोन पातळ्या ठरवलेल्यात की नाही, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. इशाऱ्याला कोणी घर सोडत नाही, पण सामान वरच्या मजल्यावर न्यायला लागतात. तशा प्रत्येक खात्याला दोन पातळ्या द्या. किराणा ६,००० ला इशारा, ६,८०० ला धोका, असं. शीटमध्ये रंग लावता येतो, इशारा ओलांडला की पिवळा, धोका ओलांडला की लाल. अ‍ॅप काय करतात, बहुतेक वेळा एकच मर्यादा देतात आणि ती ओलांडून गेल्यावर सांगतात, तेव्हा आपण काय करणार, पाणी घरात आल्यावर? पिवळा महिन्याच्या वीस दिवसांत झाला तर काजू-बदाम पुढच्या महिन्यात, एवढंच ठरवायचं असतं. आणि या पातळ्या पहिल्या दोन महिन्यांच्या वहीवरनं ठरवा, मनानं नको, मनानं ठरवलेला किराणा नेहमी दीड हजारांनी कमी असतो. ते ५०-३०-२० चं सूत्र पण सध्या बाजूला ठेवा, गरजेला निम्मे, हौसेला तीस टक्के, बचतीला वीस. एका पगारावर चाललेल्या सहा माणसांच्या घरात गरजच सत्तरच्या पुढं जाते आणि मग उगाच अपराधी वाटतं.

भाजी आणि किरकोळ खर्च यांना मात्र शीट पण नको, डबा बरा. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रोख काढून स्वयंपाकघरातल्या एका डब्यात, संपली की संपली. आपल्या आज्या हेच करायच्या, डाळीच्या डब्यात वेगळे, गव्हाच्या डब्यात वेगळे. फोननं दिलं की पैसे गेल्याचं हाताला कळत नाही.

शिलाईचं राहिलं. तुमच्या कमाईला वेगळी छोटी डायरी करा, ब्लाउज कोणाचा, शिलाई किती, अस्तर-हुक-दोरा किती, बाकी किती. बाकीचा रकाना महत्त्वाचा, शेजारपाजारच्या उधारीत तुमची निम्मी कमाई अडकलेली निघेल बघा. लाडक्या बहिणीचे १,५०० येत असतील तर ते आणि शिलाईचं उरलेलं तुमच्या स्वतःच्या खात्यात राहू द्या, घराच्या जमेला दाखवा पण काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा. यावर मिस्टर काही म्हणाले तर म्हणू द्या.

सासऱ्यांना शीट, फॉर्म, ग्रुप यातलं काही शिकवायला जाऊ नका, त्यांचं साधन त्यांच्यापाशी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते दुधाचे लिटर लिहीत असतीलच, त्याच चौकोनात पेंडीचं पोतं आणलं की "पें" आणि रक्कम लिहायला सांगा, डॉक्टर आला की "डॉ". दहा दिवसांनी डेअरीची स्लिप आली की तुम्ही कॅलेंडरचा फोटो काढा आणि म्हशीच्या पानावर उतरवा. माझ्याकडं येणाऱ्या एका घरात आजोबा गेली कित्येक वर्षं असं लिहितात, त्यांच्या सुनेनं डेअरीच्या स्लिपशी ताडून बघितलं तर दोन ठिकाणी फरक निघाला आणि दोन्ही वेळा आजोबांचं बरोबर होतं.

आणि सुरुवात १ तारखेला करायची म्हणून थांबू नका. तुमचा पगार १० ला होतो ना, मग तुमचा महिना १० ते ९. वहीच्या पहिल्या पानावर आत्ता हातात, डब्यात, दोघांच्या खात्यात मिळून किती आहेत तो एक आकडा लिहा, कुणाची देणी असतील ती त्याच्याखाली लिहा, आणि उद्याच्या भाजीपासनं धरा.